शनिवारची रात्र: हायस्कूलच्या शिक्षकांसाठी आकाशनिरीक्षण

शाळा सुटते, पण शिक्षकाचा दिवस सुटत नाही. वह्यांचा गठ्ठा घरी येतो, रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप गटावर ‘उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती भरावी’ असा निरोप येतो, आणि हौसेने सुरू केलेला तबल्याचा क्लास पहिल्या चाचणी परीक्षेला बंद पडतो. रोज तासभर रियाज मागणारे छंद हायस्कूलच्या शिक्षकाला बहुधा इथेच हुलकावणी देतात. आकाशनिरीक्षणाचं तसं नाही. महिन्यातली एक लांब रात्र आणि अधूनमधून गच्चीवरची वीस मिनिटं एवढीच त्याची मागणी असते. शिवाय प्रवेश, पहिली घटक चाचणी, गणेशोत्सव आणि शाळेची सगळी धावपळ जून ते सप्टेंबरमध्ये असते, तेव्हा ढगांमुळे आकाशालाही सुट्टीच असते. दोन्ही वेळापत्रकं इतकी जुळतील असा दुसरा छंद शोधून सापडणार नाही.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या अक्षांशांसाठी आहे. वेळा पुण्याच्या धरल्या आहेत. नागपुरात तेच तारे साधारण वीस मिनिटं आधी येतील.

आधी कॅलेंडर, मग आकाश

शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे शुक्रवारची रात्र बाद. रविवारी रात्री जागलं तर सोमवारच्या पहिल्या तासाला जांभया. उरते शनिवारची रात्र. वर्षात बारा-तेरा अमावास्या. प्रत्येकीच्या जवळचा शनिवार दिनदर्शिकेवर पेन्सिलने गोल करा. पावसाळ्याचे चार वजा केले की आठ-नऊ उरतात. त्यातला एक गॅदरिंगला जातो, एक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, एक घरच्या लग्नाला. हाती पाच-सहा राहतात. हिशेब आधीच असा मांडून ठेवला की डिसेंबरातली एक रात्र हुकली म्हणून छंदच सुटला असं वाटत नाही.

चंद्राचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच असतो. त्यासाठी अॅप लागत नाही. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. तिथून पुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीला साडेनऊचा चंद्रोदय असेल, तर वद्य सप्तमीला तो बाराच्या सुमारास येईल. म्हणजे सप्तमीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळचं आकाश तुमचं. शनिवार अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी येत असेल तरी चालतो, चंद्रकोर लवकर मावळते, नऊनंतर सुरुवात करायची. चंद्रच पाहायचा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमी धरा. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. कोजागिरीचा चंद्र दुधात छान दिसतो. द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) मात्र तो सपाट ताटासारखा वाटतो, कारण समोरून ऊन पडलं की सावल्याच उरत नाहीत.

एक फसवी रात्र म्हणजे लक्ष्मीपूजनाची. कागदावर ती अमावास्या, प्रत्यक्षात शहरभर फटाक्यांचा धूर. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर ती रात्र तिकडे साधा. शहरातच असाल तर भाऊबीजेनंतर वारा सुटेपर्यंत थांबा.

सकाळ सत्रातल्या शिक्षकांनी आठवड्यातल्या इतर दिवशी आठ ते साडेआठ ही वेळ धरावी. दुपार सत्रवाल्यांना पहाट जास्त सोयीची. पहाटे साडेचारला जे आकाश दिसतं तेच चार महिन्यांनी रात्री साडेआठला दिसतं. म्हणजे ऑक्टोबरच्या पहाटे गच्चीवर गेलात तर फेब्रुवारीच्या रात्रीचं मृग नक्षत्र डोक्यावर हजर असतं. घरात स्वयंपाक, जेवणं, मुलांचा अभ्यास यात संध्याकाळ अडकलेल्या शिक्षिकांनाही पहाटच आपली वाटते, कारण त्या वेळी कोणी काही मागायला येत नाही.

पहिले दोन महिने: काहीही विकत घेऊ नका

सुरुवात ऑक्टोबरात करा. पावसाने धूळ धुऊन नेलेली असते आणि हिवाळ्यातलं धुरकं अजून साचलेलं नसतं.

गच्चीवर गेल्यावर पहिली वीस मिनिटं काहीच करायचं नाही. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एक नजर टाकली की ती सवय मोडते. नकाशा पाहायला लाल उजेड वापरा. सायकलच्या मागच्या दिव्याचा लाल एलईडी उत्तम, त्यावर कागदाची चिकटपट्टी लावून तो मंद करा. टॉर्चवर लाल जिलेटीन गुंडाळणार असाल तर चार-पाच घड्या घाला. एक-दोन घड्यांतून पांढरा उजेड गळतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. शेजारच्या इमारतीचा एलईडी दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर डोक्यावरून शाल किंवा ओढणी पुढे ओढून घ्या. दिसायला विचित्र वाटेल, पण ताऱ्यांची संख्या लगेच वाढते.

अंतरं मोजायला हात पुरेसा आहे. हात पूर्ण ताणून धरा: करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, बंद मूठ १० अंश, ताणलेली वीत २० ते २२ अंश. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून तो एकदा तपासून घ्या. सप्तर्षीतल्या क्रतू आणि पुलह या टोकाच्या दोन ताऱ्यांमध्ये साडेपाच अंशांना किंचित कमी अंतर आहे. तीच रेषा पुलहाकडून क्रतूकडे पाचपट लांबवली की ध्रुवतारा येतो. ध्रुव क्षितिजापासून किती वर आहे तो आकडा म्हणजे जवळपास तुमच्या गावाचा अक्षांश: पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस, कोल्हापुरात पावणेसतरा. दोन मुठींपेक्षा फार वर पाहत असाल तर ध्रुव म्हणून दुसराच कोणीतरी धरलेला आहे. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी नसतात. तेव्हा ईशान्येला शर्मिष्ठा तारकासमूहाचा वाकडा ‘एम’ शोधा आणि तिथून उत्तरेकडे सरका.

आकाश किती काळं आहे हे सप्तर्षीच सांगतात. सातांपैकी अत्री हा सगळ्यात फिका, ३.३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा फिका). जिथे चौकोन आणि शेपटी जुळते तिथे तो असतो. अत्री दिसत नसेल तर त्या गच्चीवरून तेजोमेघ, दीर्घिका वगैरेंचा नाद सोडा. ग्रह, चंद्र, जोडतारे आणि रूपविकारी (तेजस्विता बदलणारे) तारे यांवर समाधान माना, आणि ते समाधान पुष्कळ मोठं आहे. वसिष्ठाजवळची अरुंधती दिसली तर नजर ठीक आहे. लग्नात दाखवतात म्हणून तिला सोपी समजू नका. त्या मांडवात दिव्यांच्या झगमगाटात ती खरोखर किती जणांना दिसलेली असते, हा वेगळा विषय.

नकाशा घेताना कोणत्या अक्षांशासाठी आहे ते पाहा. परदेशी फिरते तारकाफलक ४० ते ५० अंश उत्तरेसाठी असतात. त्यात अगस्ती क्षितिजाखाली गेलेला असतो, आपल्याकडे तो जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला चांगला दोन मुठी वर चमकतो. स्टेलेरियम हा मोफत संगणक कार्यक्रम गावाचं नाव टाकून उघडा आणि त्या शनिवारच्या रात्री नऊचं आकाश दिवसाच पाहून ठेवा. ऑफ तास मिळाला तर तेवढ्यात होतं.

द्विनेत्री

दोन महिने नुसत्या डोळ्यांनी टिकलात तर द्विनेत्री घ्या. १०×५० हे माप. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पन्नासला दहाने भागलं की ५ येतात. म्हणजे डोळ्यात शिरणारी उजेडाची शलाका ५ मिमी रुंद. ७×५० मध्ये ती ७ मिमीच्या वर जाते. विशीतल्या डोळ्याची बाहुली तेवढी उघडते. चाळिशी-पन्नाशीतली बहुधा ५-६ मिमीवर थांबते. बाकीचा उजेड बाहुलीबाहेर वाया. पुस्तकांत ७×५० ची शिफारस सापडेल, पण ती नौदलातल्या तरुण डोळ्यांच्या काळापासून चालत आलेली आहे.

साधारण सहा ते बारा हजारांत चालण्याजोगी मिळते. ‘झूम’ लिहिलेली, ‘१८० पट’ लिहिलेली आणि लाल-नारिंगी चकाकणाऱ्या भिंगांची, या तिन्ही सरळ नाकारा. प्रिझम बीएके-४ काचेचे आहेत का, ते खोक्यावरच्या शब्दावर न जाता पाहून ठरवा. द्विनेत्री हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा गोल दिसेल. तो पूर्ण गोल असेल तर ठीक, चारी कडा करड्या होऊन चौकोनाकडे झुकला असेल तर प्रिझम स्वस्तातले आहेत. मग दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकाकडे मिनिटभर पाहा. डोळे ओढल्यासारखे वाटले किंवा टोकं दोन दिसली तर दोन नळ्या समांतर नाहीत. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत खऱ्या ताऱ्यावर तपासा: मध्यभागी धरलेला तारा टिंबासारखा दिसला पाहिजे. कडेला तो पसरट होणारच, या किमतीत तेवढं चालवून घ्या.

जुळवणी एकदाच नीट करा. उजव्या पुढच्या भिंगावर तळहात धरा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने तारा टिंबाएवढा करा. मग डाव्या भिंगावर हात, आणि आता चाकाला न शिवता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. त्या कडीवर जो आकडा आला तो लक्षात ठेवा, तो तुमचा. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून चालतं. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवा आणि रबरी वाट्या दुमडून घ्या.

दहा पटीत हाताचं थरथरणंही दहा पट दिसतं. यावर सगळ्यात चांगला उपाय हात असलेली आरामखुर्ची. मागे रेला, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेका. मान दुखत नाही आणि तारा स्थिर राहतो. शाळेतल्या स्टूलवर बसून वर पाहणारा माणूस दहाव्या मिनिटाला खाली येतो. कॅमेऱ्याचं तिपाई स्टँड असेल तर द्विनेत्रीच्या मधल्या बिजागरीच्या पुढची टोपी फिरवून काढा. आत पाव इंची आटे असतात, तिथे एल आकाराचा अडॅप्टर बसतो.

काय दिसतं? मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ, कृत्तिका, पुष्य नक्षत्रातला ताऱ्यांचा झुपका, शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांमधला जोडगुच्छ, गुरूचे चार मोठे चंद्र. दिवाळीच्या सुट्टीत रात्री दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका डोक्याजवळ असते. गावच्या अंगणातून ती नुसत्या डोळ्यांनीही पुसट डागासारखी दिसते. तिचा उजेड २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला आहे. शनीची कडी या द्विनेत्रीत दिसत नाहीत, तिला पंचवीस-तीस पट लागतात. पहिल्याच रात्री घरच्यांना ‘शनी दाखवतो’ म्हणून गच्चीवर चढवू नका. आणि द्विनेत्री सूर्याकडे कधीही वळवायची नाही, मावळतीच्या सूर्याकडेही नाही.

दुर्बीण एक वर्षानंतर. ‘५२५ पट’ असं छापलेल्या ६० मिमीच्या दुर्बिणी दुकानात दिसतात. उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा मिमीमागे दुप्पट, म्हणजे तिथे फार तर १२० पट. त्यात स्टँड असा डळमळीत की नुसता श्वास सोडला तरी गुरू पळतो. घ्यायचीच तर १५० मिमी आरशाची, लाकडी फिरत्या बैठकीवरची डॉब्सोनियन. ती उचलून जिन्याने नेता येईल का हे आधी पाहा. गच्चीवर जाणारा अरुंद लोखंडी जिना असेल तर तिचं वजन आणि लांबी हाच निकष.

एकच तारा धरा

बहुतेक जण पहिल्या हिवाळ्यात वीस-पंचवीस गोष्टी पाहून टाकतात आणि दुसऱ्या हिवाळ्यात ‘आता काय’ म्हणून थांबतात. याला उतारा म्हणजे तेजस्विता बदलणारा एखादा तारा. नोंद ठेवायची सवय शिक्षकाच्या हाताला असतेच. हजेरीपट भरणाऱ्याला रकाने आखून द्यावे लागत नाहीत.

सुरुवात अल्गॉलपासून करा. ययाती तारकासमूहातला हा तारा डिसेंबरच्या मध्याला रात्री दहाला आणि जानेवारीच्या मध्याला आठला ऐन माथ्याजवळ असतो. एरवी तो २.१ प्रतीचा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ पर्यंत मंद होतो आणि पुन्हा चढतो. उतरायला सुमारे पाच तास, चढायला पाच. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि फिका तारा ठळक ताऱ्यासमोर आला की हे ग्रहण लागतं. १७८३ मध्ये हे कारण सुचवणारा जॉन गुडरिक हा ऐकू न येणारा इंग्रज तरुण तेव्हा विशीतही नव्हता, आणि मोजमाप त्याने डोळ्यांनीच केलं होतं.

मोजायची रीत अशी. अल्गॉलपेक्षा किंचित ठळक आणि किंचित फिका असे दोन तारे निवडा. नकाशात ताऱ्यांना ग्रीक अक्षरांची नावं असतात: देवयानीतला गॅमा २.१, ययातीतला एप्सिलॉन २.९, त्रिकोणातला बीटा ३.० आणि अल्फा ३.४. समजा अल्गॉल गॅमापेक्षा मंद पण एप्सिलॉनपेक्षा ठळक आहे, आणि त्या अंतरात तो गॅमापासून एक तृतीयांशावर वाटतो. दोघांतला फरक ०.८, त्याचा तिसरा हिस्सा सुमारे ०.३. नोंद: २.४. एवढंच. पहिल्या दहा-पंधरा नोंदी ०.३ ने इकडे-तिकडे होतील, नंतर हात बसतो.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली: अल्गॉलच्या अगदी शेजारी ठळक दिसणारा ऱ्हो हा तारा तुलनेला घेणं. तो स्वतःच ३.३ ते ४.० मध्ये बदलतो. दुसरी: एक तारा माथ्यावर आणि दुसरा क्षितिजाजवळ. खालचा तारा हवेच्या जाड थरातून येतो म्हणून फिका वाटतो, तेव्हा तुलनेचे तारे शक्य तितके एकाच उंचीचे घ्या. तिसरी चूक सगळ्यात गोड: आज ग्रहण आहे हे माहीत असलं की तारा मंद दिसायलाच लागतो. म्हणून मागची नोंद न पाहता नवी करा. विद्यार्थ्याचं नाव झाकून पेपर तपासतात, तसंच.

एकदा एका शनिवारी तळ पकडला की पुढचं गणित फळ्यावर मांडता येईल असं आहे. प्रत्येक पुढचं ग्रहण तिसऱ्या दिवशी तीन तास अकरा मिनिटं आधी येतं. आणि शनिवारवाल्यांसाठी खास: २२ आवर्तनं म्हणजे ६३ दिवस आणि १ तास ५८ मिनिटं. ६३ दिवस म्हणजे बरोबर नऊ आठवडे. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री नऊला तळ मिळाला, तर नऊ आठवड्यांनी जानेवारीतल्या शनिवारी अकराच्या सुमारास तो पुन्हा मिळेल. त्या रात्री तळाच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, दर पंधरा-वीस मिनिटांनी नोंद. मधल्या वेळात चहा, किंवा खरंच नाइलाज असेल तर लाल दिव्याखाली वह्या. (लाल पेनाच्या खुणा लाल उजेडात दिसत नाहीत, हे आधी लक्षात घ्या.)

पुढचा तारा मृगातला काक्षी. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो इतका मंद झाला की फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीच्या आसपास आला, आणि शहरातल्या गच्चीवरूनही फरक कळत होता. तुलनेला रोहिणी ०.९, मिथुनेतला पोलक्स १.१ आणि मृगातलाच बेलाट्रिक्स १.६. काक्षी तांबडा आहे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावलं की तो हळूहळू ठळक भासू लागतो, म्हणून झटकन नजर टाकून निर्णय घ्या. त्याची नोंद पंधरवड्यातून एकदा पुरे. पेपर तपासणीच्या दिवसांतही हे जमतं: गठ्ठा संपल्यावर गच्चीवर, अर्धा तास, एक आकडा, खाली. मार्चमध्ये एका रात्रीत मेसिएच्या (तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिकांच्या) यादीतल्या सगळ्या वस्तू गाठायची शर्यत हौशी लोक लावतात. नेमकी उत्तरपत्रिकांच्या हंगामात. नोकरीत असेपर्यंत तिला नमस्कार करा.

वहीत रकाने एवढे: तारीख, भारतीय प्रमाणवेळ, तारा, तुलनेचे दोन तारे, अंदाज, आकाशाची स्थिती. अमेरिकेतली १९११ साली स्थापन झालेली एएव्हीएसओ ही संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी स्वीकारते. तिकडे पाठवायच्या तर वेळ ज्युलियन दिनांकात (दिवसांच्या सलग मोजणीत) लागते, आणि इथे आपल्या प्रमाणवेळेचा फायदा होतो. ज्युलियन दिवस ग्रिनिचच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिवसात बसते, मध्यरात्री तारीख बदलायचा घोळ नाही. साडेपाचपासून किती तास झाले ते २४ ने भागा, तो दशांश. रात्री साडेनऊ म्हणजे ४ भागिले २४, ०.१६७. पूर्णांक ताडायचा असेल तर १ जानेवारी २००० च्या संध्याकाळी साडेपाचला २४५१५४५ सुरू झाला, तिथून दिवस मोजा.

गाव, मे महिना आणि लांबची रात्र

मेच्या सुट्टीत दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा शोधा. कोकणातली सडा-पठारं यासाठी नामी. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊला त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिणेला उभा असतो, क्षितिजापासून मूठभर वर. त्यानंतर तासाभरात दोन-अडीच मुठी उंचीवर ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ. द्विनेत्रीत तो कापसाच्या बोंडासारखा दिसतो, आणि लंडनमधल्या निरीक्षकाला तो घरून कधीच दिसत नाही. एप्रिल-मेची हवा धुळकट असते, वळवाची सर येऊन गेली की त्याच रात्री बाहेर पडा.

शेतात किंवा कातळावर बसायचं तर ताडपत्री, बंद बूट आणि बसण्याआधी पांढऱ्या टॉर्चने एकदा जागा पाहणं. विंचवाला तुमच्या काळोखाच्या सवयीचं कौतुक नसतं. डिसेंबरात दव पडतं: पुढच्या भिंगांवर काळ्या कार्डशीटच्या दहा सेंटीमीटर लांब नळ्या चढवा. ओल आलीच तर सदऱ्याने पुसू नका, ओरखडे कायमचे राहतात. घरात आणताना द्विनेत्री बंद पिशवीतच ठेवा आणि तासाभराने उघडा, नाहीतर गार काचेवर घरातली दमट हवा जमते.

एकट्याने लांब जाण्यापेक्षा संस्थेबरोबर जाणं सोपं आणि सुरक्षित. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून. मुंबईकरांची वांगणीची रात्र ही जुनी वहिवाट आहे. नागपूरकडच्यांना पेंच जवळ: २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. मिथुन उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो आणि दोन-अडीचला रंगतो. त्यासाठी द्विनेत्रीही नको, पांघरूण आणि कानटोपी हवी.

ही गोष्ट शाळेत कळल्यावर

कळतेच. आधी कोणीतरी पत्रिका घेऊन येईल. नम्रपणे परत करा, नाहीतर रोज एखादी येईल. मग मुख्याध्यापक म्हणतील, सर, आपण खगोल मंडळ काढू, विज्ञान दिनाला कार्यक्रम घेऊ. पहिली दोन वर्षं हो म्हणू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. एकदा ‘उपक्रम’ झाला की त्याचा अहवाल येतो, फोटो येतात, पालकांच्या संमतीपत्रांचा गठ्ठा येतो, आणि शनिवारची रात्रही शाळेची होते. मुलांनी विचारलं तर मात्र सांगा. अल्गॉलचा आलेख वहीत दाखवा, अंधारात जायला पाय शिवशिवले तर ती त्यांच्या घरच्या गच्चीवर जातील.

जून: बंद करून ठेवणे

पावसाळ्यात भिंगांचा शत्रू बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती काचेवर पसरते आणि तिच्या आम्लाने लेप कायमचा खराब होतो. मुंबई-कोकणात एक पावसाळाही पुरतो. कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत द्विनेत्री ठेवणं म्हणजे बुरशीला जेवायला बोलावणं. मुळातली पिशवी बाजूला काढा. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिक डबा घ्या, दहा लिटरचा चालेल. त्यात पाव किलोच्या आसपास सिलिका जेल मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि जमल्यास लहानसा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. साठीकडे गेला किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की दाणे लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत रंग परत येईपर्यंत तापवा, पूर्ण थंड करा, मगच डब्यात घाला. गरम घातले तर ते डब्यातच वाफ सोडतात. त्या तव्यावर नंतर भाकरी नाही, म्हणून जुना तवा वेगळा ठेवा.

महिन्यातून एकदा, उघडीप असलेल्या दुपारी, डबा उघडा. द्विनेत्री पुढून टॉर्चच्या उजेडात धरून आत डोकवा, दहा मिनिटं कोरड्या उजेडात ठेवा, दाण्यांचा रंग पाहा आणि बंद करा. अनंत चतुर्दशीनंतर पहिली निरभ्र संध्याकाळ आली की ज्या कडीवरचा आकडा लक्षात ठेवला होता, ती तपासून घ्या. चाळिशीनंतर तो वर्षभरात सरकलेला असू शकतो.